आपोआप गरम राहणारी वस्तू

ती डबी गरम होती.

तृप्तीनं ती माझ्या हातात ठेवली तेव्हा पहिल्या क्षणी मला काहीच वाटलं नाही. डिसेंबरचे दिवस, हातांना ऊब लागली, बरंच वाटलं. मी बॅगेत कपडे भरत होते, तशीच भरत राहिले. मग एकदम लक्षात आलं की आपण काय धरलंय, आणि पायाखालची जमीन सरकली. ही डबी गरम असूच शकत नव्हती. तिच्या पोटात नुसता धातूचा ठोकळा होता. निदान असायला हवा होता.

“तृप्ती, ही कुठं होती?”

“माह्याजवळच त होती ताई. कालपासून कमर शेकून राहिली मी हिनं. लय कामाची चीज आहे तुमची. सकाळी थोडी पोटालेबी लावली.”

तृप्ती माझ्या धाकट्या भावाची, अंकुशची बायको. तिला सातवा महिना होता.

“पोटाला?” मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

“हो ना. तुम्हीच त सांगतलं रविवारी सगळ्यायले, का हे आपोआप गरम राह्यते म्हणून.”

सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं.

ही डबी काय ते आधी सांगते, नाहीतर माझी त्या वेळची अवस्था कळायची नाही. मी हर्षा गजभिये. भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी मी दहावीत होते, आणि आमच्या गावाहून सहा किलोमीटर सायकल हाणत पवनीच्या शाळेत जात होते. आता मी एका मोठ्या प्रयोगशाळेत काम करते. तिचं नाव सांगायची मला परवानगी नाही, आणि सांगितलं तरी आईला ते उच्चारता येत नाही. तिथं आम्ही चंद्रावर पाठवायच्या छोट्या उपकरणांसाठी वीजपेट्या बनवतो. चंद्रावरची एक रात्र आपल्या चौदा दिवसांची. त्या रात्रीच्या थंडीत साधी बॅटरी मरून जाते, आणि सौर पट्ट्यांना ऊन कुठलं? मग जेवणाच्या डब्याएवढ्या उपकरणाला जिवंत ठेवायचं कसं? तर त्याच्या पोटात प्लुटोनियमची एक गोळी ठेवायची. ती स्वतःच आतून झिजत राहते आणि त्या झिजण्यातून उष्णता निघते. उपकरण तगतं, वर थोडी वीजही मिळते. काडी ओढायला नको, फुंकर घालायला नको. पन्नास वर्षांनी हात लावला तरी ती गरमच. विझव म्हटलं तरी विझत नाही.

अशा पेटीची दोन कवचं आम्ही तयार केली होती. दोन्ही लोट्याएवढी, दोन्हींचं वजन पावणेदोन किलो, आणि दिसायला जुळ्या बहिणी. एकीत खरी गोळी बसवली होती. दुसरीत तेवढ्याच वजनाचा ठोकळा, दाखवायला आणि चाचण्यांना. फरक फक्त बुडाला मारलेल्या शाईच्या शिक्क्याचा. मी रीतसर सह्या करून ठोकळ्याची पेटी, म्हणजे ही डबी, गावाकडे आणली, शाळेतल्या मुलांना दाखवायला. निघायच्या दिवशी वजनाच्या खोलीत दोघी शेजारी शेजारी होत्या. मला गाडीची घाई होती.

मी डबी उलटी केली. बुडाला शिक्का नव्हता.

“शिक्का कुठं गेला? इथं काळी अक्षरं होती!”

माझं ओरडणं ऐकून आई मागच्या दारातून आत आली. आईचं नाव मंगलाबाई, शिक्षण चौथी, आणि हात कधी रिकामे नाहीत. “ते काळं होय?” ती म्हणाली. “घासलं म्या. रविवारी गावभर लोकायचे हात लागले होते, मळली होती बिचारी. चिंच अन राख घेऊन चकाचक केली.”

आम्ही भंडाऱ्याकडची माणसं. पितळेच्या बाजारात लहानाचे मोठे झालो, धातूची वस्तू घासल्याशिवाय जागेवर ठेवणं आम्हाला पाप वाटतं. त्या घासण्यात हे खरं का ते खरं हे सांगणारी एकमेव खूण निघून गेली होती. आणि माझ्या हातातली डबी अजून गरम होती.

“दूर सरका!” मी किंचाळले. “कोणी हात लावू नोका! चला, सगळे बाहेर व्हा!”

कित्येक वर्षांत माझ्या तोंडून ‘नोका’ निघालं नव्हतं. मी डबी घेऊन धावत गोठ्याच्या पार टोकाला गेले, सावलीत भिंतीशी ठेवली आणि तिच्यावर लोखंडी घमेलं पालथं घातलं. घमेल्यानं काहीही अडत नाही हे माझ्याइतकं त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. तरी घातलं. मग तृप्तीला हाताला धरून मी रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली नेलं आणि दगडावर बसवलं. आई मागून आली.

“हर्षा व, माही गोष्ट त आयक. ते म्या—”

“आई, तू गप्प बस! तुला यातलं काही कळत नाही.”

ती पदर सावरून मागे सरली.

मी साहेबांना फोन लावला. आमच्या विभागाचे प्रमुख, शांत माणूस.

“साहेब, खरी पेटी कुठं आहे?”

“तिजोरीत. का?”

“उघडून बघता का?”

“हर्षा, तिजोरीला दोन किल्ल्या आणि दोन माणसं लागतात. दुसरा माणूस आत्ता जेवायला गेलाय. काय झालं?”

“माझ्याजवळची डबी गरम आहे.”

मला त्यांचा श्वास ऐकू आला, मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज, आणि फोन बंद झाला. त्यांनी मला एखादा प्रश्न विचारला असता, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. काही न विचारता ते धावले, म्हणजे त्यांनाही ते शक्य वाटलं होतं.

“ताई,” तृप्ती म्हणाली, “काय आहे त्याच्यात? मले सांगा ना.”

मी सांगितलं. खोटं बोलायला मला सुचलं नाही. म्हटलं की ती कदाचित खरी असेल, खरी असेल तर तिच्यातून किरण निघतात, फार नाहीत, कवच चांगलं आहे, बहुतेक सगळे आतच अडतात. माझा आवाज वर्गात शिकवल्यासारखा सरळ चालला होता. तिनं एकच विचारलं, “बाळाले?” मी म्हणाले, “मला माहीत नाही.”

खरं तर थोडं माहीत होतं. आमच्याकडे गरोदर बाईला त्या खोलीचा उंबरासुद्धा ओलांडू देत नाहीत. नियमाच्या वहीत ते ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे आणि ते वाक्य मीच लिहिलेलं आहे.

तृप्तीचे दोन्ही हात पोटावर होते. तिनं ते हळूच उचलले आणि अंगापासून लांब धरले, आपल्याच हातांचं भय वाटावं तसे. त्या हातांनीच तिनं डबी धरली होती. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, आता या क्षणी मी मरून गेले तर बरं होईल. हे मी लिहिण्यासाठी लिहीत नाही. तेव्हा मला खरंच तसं वाटलं.

आईनं स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग ते पदरात गुंडाळून ती आमच्यापासून दहा पावलांवर जाऊन एकटी उभी राहिली.

कडुनिंबाखालून आमचं अंगण समोर दिसत होतं. मांडव अजून उभा होता, पिवळ्या-निळ्या कनातीचा, रविवारचा. त्याच्याकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे नजरही जात नव्हती.

तो सत्कार अंगणातच व्हावा हा हट्ट माझा. गावात समाजमंदिर आहे, चांगलं मोठं आहे, वर पंखेसुद्धा आहेत. पण माझे बाबा आनंदराव, पोस्टमन, जन्मभर गावोगाव दुसऱ्यांची पत्रं वाटत फिरले, आणि मी बारावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा म्हणाले होते, “पोरीचा सत्कार एक दिवस माह्या आंगनात होईन, पाह्यजा.” चार वर्षांपूर्वी बाबा गेले. म्हणून मी आईला फोनवर निक्षून सांगितलं की कार्यक्रम घरीच.

“आंगनात धान पसरलं आहे व,” आई म्हणाली होती.

“मग भरून टाक ना ढोलीत. दोनशे माणसं यायची आहेत आई, त्यांना काय धानावर बसवायचं?”

“बरं,” ती म्हणाली. मग थोडी थांबली. तिला आणखी काही सांगायचं होतं हे मला समजलं होतं. पण मला बैठकीला जायचं होतं आणि आईचं बोलणं म्हणजे मारुतीचं शेपूट. मी फोन ठेवला.

रविवारी अंगण असं लखलखीत सारवलेलं होतं की पाय ठेवायला जीव धजेना. बुद्धवंदना झाली, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, शेजारी बाबांचा फोटो. मग मी माईक घेतला. माईक हाती आला की मी कशी बोलते ते मला माहीत आहे. छान बोलते, आणि स्वतःवर खूश होऊन बोलते. सुरुवातीलाच म्हणाले की ही नकली आहे, पण तेव्हा माईक कुंई-कुंई करत होता आणि पोरं हसत होती. मागच्या बायकांपर्यंत ‘नकली’ पोचलंच नाही, पोचलं ते पुढचं. मी डबी उंच धरून म्हणाले, “या जगात कुणी न पेटवता आपोआप गरम राहणारी वस्तू हीच एक!”

“एकच कायले व?” बायकांमधून आई म्हणाली.

सगळे हसले. मला लाज वाटली. इतक्या शिकलेल्या मुलीच्या भाषणात आईनं मध्येच तोंड घालावं! “आई, प्रश्न शेवटी,” मी हसत हसत म्हणाले. शेवटी चिवडा आणि चहा आला, प्रश्न राहून गेले. सोमवारी मी दिवसभर भंडाऱ्याला मैत्रिणीकडे होते. आणि आज मंगळवार, परतायचा दिवस.

मोटारसायकलचा आवाज आला. अंकुश भंडाऱ्यात कचेरीत लिपिक आहे, कामाच्या दिवसांत तिथंच खोलीवर राहतो. मला स्टेशनवर सोडायला म्हणून अर्धी रजा काढून आला होता. बायकोला रस्त्याकडेला दगडावर हात लांब धरून बसलेली बघून त्यानं गाडी स्टँडवरही लावली नाही, तशीच आडवी टाकली.

“काय झालं?”

तृप्तीनं सांगितलं. रडत, तुटक तुटक. तो ऐकत होता आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरत होता.

“ताई,” तो म्हणाला, “ते असली आहे का नकली आहे?”

“अंकुश, मी साहेबांना—”

“असली का नकली?”

“मला माहीत नाही.”

“तुले माहीत नाही?” तो ओरडला नाही. ओरडला असता तर मी सहन केलं असतं. “तूच बनवली, तूच घरी आणली, अन तुलेच माहीत नाही? आम्ही कोणाले विचारावं मंग?”

मी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. त्याला मी पाढे शिकवले, त्याची फी भरली, आणि त्याच्या लग्नात शहाणपण मिरवलं. त्या दिवशी त्याच्यासमोर मी मान खाली घालून उभी होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पंचवीस मिनिटं. घड्याळ मी किती वेळा पाहिलं कोण जाणे. गावातल्या चंद्रभागाबाई डोक्यावर भारा घेऊन गेल्या, “कायले बसल्या वं रस्त्यावर?” असं विचारून गेल्या. मी मनात आकडे मांडत होते. काल संध्याकाळपासून किती तास, कमरेवर किती, पोटावर किती. आकडा यायचा, बरा वाटायचा, आणि मग तृप्तीचे लांब धरलेले हात दिसायचे आणि तो आकडा कुठल्या कुठं जायचा.

फोन वाजला.

“तिजोरीतच आहे,” साहेब म्हणाले. त्यांना धाप लागली होती. “शिक्क्यावरचा नंबर जुळला, उष्णता मोजली, सगळं जागच्या जागी. तुझ्याजवळची ठोकळ्याचीच आहे.”

“नक्की?”

“आत्ता तिच्यासमोर उभा आहे मी, हर्षा.”

“मग ही गरम का आहे?”

“ते तू मला सांग. चुलीजवळ ठेवली होतीस का?” आणि मग त्यांनी मला पहिली शिवी दिली. ती ऐकून मला रडू फुटलं.

मी धावत गोठ्यात गेले, घमेलं उचललं आणि डबीला हात लावला. गार. अर्ध्या तासात गारढोण झाली होती. खरी असती तर ती आज नाही, माझ्या म्हातारपणीही गार झाली नसती. हे कळायला तिजोरी उघडायची गरजच नव्हती. नुसतं जरा थांबून पुन्हा एकदा हात लावून पाहायला हवं होतं. माझ्या सगळ्या शिकण्यातली ही पहिली, बालवाडीतली गोष्ट, आणि ती मला सुचली नाही. रविवारी हीच डबी मी हातात उंच धरली तेव्हा ती गार होती, हेही आठवलं नाही.

मी बाहेर येऊन डबी उंच करून दाखवली. “नकली आहे! तृप्ती, नकली आहे, गार पडलीय!” तृप्तीनं ते ऐकलं, दोन्ही हात पोटावर घट्ट दाबले आणि मोठ्यांदा हुंदका दिला. अंकुश तिच्याजवळ खाली बसला. मी पुढे जाऊन दोघांना मिठी मारली. अंकुशनं मला दूर केलं नाही, जवळही घेतलं नाही.

मग मी आईकडे वळले. “आई, ही डबी तू कुठं ठेवली होतीस?”

“ढोलीत,” आई म्हणाली. “धानात.”

ढोली म्हणजे आमची धानाची कणगी, बांबूची विणलेली, शेणामातीनं लिपलेली, माणसाच्या उंचीची. घरातली मोलाची कुठलीही वस्तू आई धानात पुरून ठेवते. कपाटावर तिचा विश्वास नाही. बाबांची पेन्शनची कागदं, पायातले वाळे, आणि तिच्या माहेरच्या चिन्नोरच्या, म्हणजे सुवासिक देशी भाताच्या, बियाण्याचं गाठोडं, सगळं धानाच्या पोटात. माझी सरकारी वस्तू रविवारी गर्दी पांगल्यावर तिनं तिथंच नेऊन ठेवली होती. तृप्तीची कमर दुखली की काढायची, गार पडली की पुन्हा नेऊन पुरायची.

“अगं, मग सांगितलं का नाहीस?” असं विचारायची लाज मला तेव्हा वाटली नाही. आता वाटते.

“सांगूनच त राहिली होती. तू म्हणली गप्प बस.” तिनं पदरातून हात सोडवले. “मंग तू पोटातल्या लेकराचं सांगतलं. तवा मलेबी वाटलं, आपल्याले काय समजते. हर्षा म्हणते त तसंच असंन. तू शिकेल आहेस.”

तिच्या हातांना खरं ठाऊक होतं, आणि माझ्या शब्दावर विसंबून तिनं त्या हातांना अर्धा तास खोटं ठरवलं होतं. नातवाला आपणच मारलं असं समजून ती तिथं एकटी उभी होती.

“पण धानात ठेवून गरम कशी होईल?” मी विचारलं.

आईनं माझं मनगट धरलं, मला घरात नेलं आणि ढोलीच्या तोंडावरचं पोतं बाजूला केलं. “घाल हात.”

मी कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला. चटका बसला होता. आतून वाफ आली, आणि वाफेबरोबर आंबूस वास.

“बापा रे!” माझ्या मागून अंकुश म्हणाला. “ढोली तापली! आई, धान वल्लं भरलं का?”

“दिवाळीनंतर पाणी आलं, पुंजण्यावर पडलं,” आई म्हणाली. पुंजणं म्हणजे कापलेल्या धानाच्या पेंढ्यांची रास. “मळल्यावर आखिन दोन ऊन पायजे होते. पण आंगन पायजे होतं ना.”

कुणाला पायजे होतं ते ती बोलली नाही. अंकुशनं माझ्याकडे पाहिलं.

ओलं धान दाबून भरलं की आपोआप तापतं. काडी नको, फुंकर नको. आमच्या झाडीपट्टीतल्या, या धानाच्या मुलखातल्या, शेंबड्या पोराला हे माहीत असतं. मलाही होतं, लहानपणी मी त्याच ढोलीत हात घालून आईला ‘गरम नाही’ म्हणून सांगायचे. रविवारी तिनं ‘एकच कायले’ म्हणून विचारलं ते हेच होतं, आणि मी तिला प्रश्न शेवटी ठेवायला सांगितला होता.

“तुला कधी कळलं?” मी विचारलं.

“सोमवारी सकाळी. डबी काढाले हात घातला, तवाच.”

“मग तेव्हाच का नाही काढलं?”

“काढून टाकू कुठं व? आंगनात तुहा मांडव. मांडववाला बुधवारी येतो म्हणे. अन तू चार वर्सानं आली, तुह्या समोर कुठं सडकं धान पसरवावं? म्हटलं मंगळवारी पोरगी जाते, मंग काढू.” तिनं बाजूचं पोतं उचलून झटकलं. “तवरोक म्हटलं तृप्तीच्या कमरेले त शेक भेटते.”

बाळाच्या भीतीनं मी हादरले होते ते एका वाटेनं, हे दुसऱ्याच वाटेनं आलं. पहिल्यात निदान चूक झाली की नाही याची शंका होती. इथं शंकेला जागाच नव्हती.

अंकुशनं मांडव खसकन ओढून पाडला. दोऱ्या सोडायलाही तो थांबला नाही. आम्ही घमेल्यांनी, टोपल्यांनी, हातांनी धान बाहेर काढलं. चंद्रभागाबाई भारा टाकून परत आल्या, अजून दोघीतिघी आल्या आणि टोपल्या उचलल्या. वरचं धान निव्वळ कोमट होतं, खाली जावं तसा हात भाजायला लागला. पोटातलं धान तपकिरी पडलं होतं, मुठीत धरलं तर गोळा व्हायचा. तेच लखलखीत सारवलेलं अंगण भरून धान पसरलं आणि त्यातून वाफा निघत राहिल्या. मी गाडी सोडून दिली. माझी सुटी संपली होती, ते साहेबांना कळवायचंही मला सुचलं नाही.

सगळ्यात शेवटी, अगदी मधून, ते गाठोडं निघालं. चिन्नोरचं बियाणं. आई लग्न करून आली तेव्हा ओटीत घेऊन आली होती, आणि तेव्हापासून एकेचाळीस वर्षं दर पिकातली चांगली लोंबं निवडून तिनं ते पुढे चालवलं. गावात बाकी सगळे केव्हाच हायब्रीडवर गेले. चिन्नोर बाजारात मिळेलही, आईचा मिळणार नाही. ते जिथं सगळ्यात सुरक्षित म्हणून तिनं ठेवलं होतं, तिथंच धान सगळ्यात जास्त तापलं होतं.

तिनं गाठ सोडली. एक दाणा दाताखाली फोडला, हातावर घेऊन पाहिला, वास घेतला.

“आई?”

“पाहू,” ती म्हणाली. “शंभर दाने वल्ल्या फडक्यात बांधते. चार-पाच दिवसात समजते, उगवते का नाही.”

दुसऱ्या दिवशी मी निघाले. रविवारी सकाळी फोन केला. टेबलावर समोर ती डबी होती, बुडाला नवा शिक्का मारलेली.

“तुहं सामान पोचलं ना बरोबर?” आईनं विचारलं. “घासलं म्हणून साहेब रागावले त नाही?”

“नाही. आई, दाणे किती उगवले?”

“तृप्तीले काल दवाखान्यात दाखवलं. सब बरं आहे म्हणते डॉक्टरीण. रातभर लाथा मारते म्हणे पोट्टं.”

“आई, शंभरातले किती?”

ती थांबली. या खेपेस मी फोन ठेवला नाही. कानाशी धरून बसले.

“एकबी नाही व,” आई म्हणाली.

मी तोंडावर हात दाबला. तिला ऐकू गेलं असावं, कारण ती घाईघाईनं बोलायला लागली, लहानपणी मी पडले की बोलायची तशी.

“रडू नोको. आयक. आंगन किती मस्त दिसत होतं त्या दिवशी. तुह्या बाबाले लय आवडलं असतं.”